चाळीस वर्षांची चकती

स्वयंपाकघराचं दार सुनेनं पुन्हा सताड उघडं टाकलं होतं. चहाची पारख असेल त्या दिवशी ते लावून घ्यायचं, एवढी साधी गोष्ट आठ वर्षांत तिच्या टाळक्यात शिरली नव्हती.

"दार ओढ! कडी काय शोभेला लावलीय?" बाई बसल्या जागेवरून ओरडल्या.

"ओढते, आई," सून म्हणाली आणि तशीच आत गेली.

समोरचा टोपीवाला हसला. जुन्या चहाचा हा व्यापारी वीस वर्षं त्यांच्याकडे येत होता. बाईंनी वास घेऊन मान डोलावली तरच माल उचलायचा, हा त्याचा नेम. आज त्यानं दाबून घट्ट केलेल्या चिनी चहाची एक चकती नमुन्याला आणली होती. चाळीस वर्षांची, असं विकणारा म्हणत होता.

"तुम्ही हो म्हणालात, की आयुष्यभराची कमाई ह्यात घालतो," तो म्हणाला.

बाईंनी चकती हातात घेऊन उलटसुलट केली.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा ताप उतरला, तो नाक घेऊनच उतरला. कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. ताज्या जपानी चहाचं कसंबसं निभावलं. तो पानाच्या हिरवेपणावरून, जिभेवरच्या तुरटपणावरून सांगता येतो. जुन्या चहाचं तसं नाही. तो माळ्यावर पिकला की ओलीत कुजला, ते नाकालाच कळतं. बाई शाळेत दुसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण भले भले शिकलेले ह्या नाकापुढे गप्प बसत. ते गेलं तर उरलं काय? एक तोंडाळ म्हातारी.

आणि सुनेला संशय आलाच होता. परवा गॅसची नळी गळत होती आणि बाई तिथेच बसून खुशाल शेंगा सोलत होत्या. सून धावत आली, खिडक्या उघडल्या आणि नुसती बघत राहिली.

"बघतेस काय? सर्दी झालीय," बाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून ही बया मांजरासारखी मागे मागे. आज परक्यासमोर पितळ उघडं पाडायचा बेत असणार.

त्यांनी चकतीचा टवका काढला, पहिलं पाणी ओतून टाकलं, दुसरं घातलं. कपावरचं झाकण उचलून नाकाशी नेलं. काही नाही. कोऱ्या भिंतीला नाक लावावं तसं. पुन्हा नेलं. झाकण परत कपावर ठेवलं.

"काय म्हणता, बाई?"

रंग तर सुरेख उतरला होता. हो म्हणावं, तर चुकल्यास हा माणूस बुडेल. नाही म्हणावं, तर का ते सांगावं लागेल.

"चहा..." त्यांनी तोंड उघडलं.

टोपीवाल्यानं नाक मुरडलं. "अहो, काय जळतंय? लसूण? तुमच्या घरात, आणि पारखीच्या दिवशी?"

बाई गारठल्या. त्यांना कसलाच वास आला नव्हता.

सून दारात उभी होती. "माझं चुकलं. तवा शेगडीवर विसरले," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता.

"विसरलीस?" बाईंची सगळी भीती आवाजात चढली. "डोकं माहेरी ठेवून आलीस का? आता ह्या वासात काय माझं कपाळ हुंगू?"

"जाऊ द्या हो," टोपीवाला नाकाला रुमाल लावून उठला. "अशात तुम्ही तरी काय सांगणार! पुढच्या आठवड्यात येतो."

तो गेल्यावर बाई भिंत धरून स्वयंपाकघरात गेल्या. धूर डोळ्यांना झोंबत होता. तव्यावर सोललेल्या अख्ख्या पाकळ्या, काळ्याठिक्कर. तेलाचा थेंब नाही. ओट्यावर चिरायला भाजी नाही, मळायला पीठ नाही. जेवण तर सकाळीच रांधून झाकून ठेवलेलं होतं.

बाई तव्याकडे बघत राहिल्या.

"त्या चकतीला वास कसला होता?" त्यांनी पाठमोऱ्या सुनेला विचारलं.

सुनेनं नळ बंद केला. "ओल्या पोत्याचा. पुडकं दारात मीच घेतलं ना हातात, तेव्हाच आला. पार कुजलाय तो, आई."

बाई स्टुलावर बसल्या. ओठांवर 'हो'च आलं होतं. सून ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"खोटं बोलताना तुझा आवाज कापतो," बाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात माझ्या खुर्चीवर बसशील, तेव्हा खरंच बोलायचंय. ते तरी ठणकावून बोल."