गवताखालचे कंकर

श्रीकांतराव मोघे वाईट माणूस नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. जन्मभर माती तपासायची नोकरी केली आणि गढा वस्तीतल्या घरी निवांत पेन्शन खात बसले. कुणाचं काही वाकडं केलं नाही. सव्वीस वर्षांपूर्वी एकदा अंगचोरपणा केला, एवढंच. पण म्हातारपणी नेमकं त्याच जागी जावं लागलं, आणि तेही कौतुक करून घ्यायला!

नेलं ऋचानं. शेजारची पोर, पीएचडीचा प्रबंध सोमवारी द्यायचा होता. जंगल किंवा गवताचं रान मोडून शेती केली की मातीत चुना कसा धरतो, हा तिचा विषय. शहपुऱ्याजवळ रामराव भोसल्यांचं मटाराचं शेत आहे. तिथं पूर्वी नुसतं गवत होतं. आज तिथं दोन फुटांवर पांढरे कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, लागतात. आणि श्रीकांतरावांच्या जुन्या वहीत त्याच रानापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'चार फुटांपर्यंत चुना नाही.' म्हणजे नांगरानं आणि बोअरच्या पाण्यानं सव्वीस वर्षांत चुना आणला. पोरीचा सगळा प्रबंध त्या एका ओळीवर उभा होता.

"काका, वही हातात घेऊन तुमचा फोटो पाहिजे. पहिल्या पानावर लावून राहिली मी," ती गाडीत म्हणाली. श्रीकांतरावांनी फोटोचा विषय टाळून रस्ता किती उरला ते विचारलं.

कारण ती ओळ खोटी होती. मातीवर आम्लाचे थेंब टाकायचे, चुना असला तर फेस येतो, इतकी साधी परीक्षा. त्या दिवशी जंगलातल्या खड्ड्यात फेस आला नाही, आणि तिथंच बाटली संपली. गवताच्या रानात पोचले तेव्हा शेवटची बस सुटायच्या बेतात होती, घरी गौरी जेवायच्या होत्या. जंगल हाकेवर, इथं वेगळं काय निघणार? त्यांनी जंगलाची ओळ खाली उतरवली आणि बस गाठली. दोन वर्षांपूर्वी ऋचा वह्या मागायला आली, तेव्हा अकराच्या अकरा ऐटीत काढून दिल्या. मग एक दिवस तिनं नाचत येऊन तीच ओळ दाखवली. तेव्हाच सांगायचं ना! पण पोर खूश, यांच्या बायकोनं, नंदाकाकूंनी, लगेच शिरा केलेला. बोलणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

शेतात रामरावांनी मटाराच्या शेंगा पुढे केल्या आणि खड्ड्यातले कंकर बघून सहज म्हणाले, "हे तर गवत होतं तेव्हाही निघत होते जी. घुशी बिळातून बाहेर फेकायच्या. आम्ही पोरं तेच मारून कैऱ्या पाडायचो."

"नाही ना दादा," ऋचा हसून म्हणाली. "काकांनी तेव्हाच तपासलंय. वहीत आहे."

रामरावांनी साहेबांकडे बघितलं, टोपी मागे सरकवली. "अच्छा. मग दुसऱ्या रानातलं आठवत असन मला. साहेब शिकलेले."

इतकी वर्षं दाबून ठेवलेली लाज श्रीकांतरावांच्या कानशिलापर्यंत चढली. या माणसाच्या डोळ्यांनी बघितलेलं खोटं पडलं होतं, आणि ते पाडलं होतं यांच्या बस पकडायच्या घाईनं. फोटोसाठी उघडलेली वही त्यांनी मिटली.

"रामराव, शेतातल्या त्या खेरमाईच्या चबुतऱ्याभोवती कधी नांगर घातला?"

"देवीची जागा हाय ती. नांगर नाही, पाणीही नाही. गवत हाय तसंच हाय."

"बाजूला बरमा घालू देता?"

"घाला. चबुतऱ्याले धक्का नका लावू."

बहात्तराव्या वर्षी त्यांनी ऋचाचा गिरमिटासारखा बरमा घेऊन स्वतः जमिनीत पिळला. ती मदतीला धावली तर तिला हातानंच थांबवलं. दोन फुटांवरची माती वर आली, तिच्यात पांढरे खडे. त्यांनी ऋचाकडून आम्लाची बाटली घेतली आणि थेंब टाकले. माती फसफसली.

"म्हणजे गवताखाली आधीपासूनच..." ऋचाचा चेहरा उतरला.

"होता. मी तपासलंच नव्हतं. आम्ल संपलं होतं आणि मला बस पकडायची होती." मग तिची नजर चुकवत म्हणाले, "शेतीनं वाढला असेलही. पण किती, ते माझ्या वहीवरून तुला कधीच कळायचं नाही. रामराव, तुमचंच बरोबर होतं."

रामराव कानकोंडे झाले आणि पाणी आणायच्या निमित्तानं विहिरीकडे गेले.

"दोन वर्षं झाली, काका. काहून सांगितलं नाही?"

त्यांनी बरम्याची माती पुसायला घेतली. ती रडेल, भांडेल, असं त्यांना वाटलं होतं; तिनं यातलं काहीच केलं नाही. हळूच विचारलं, "वह्या अकरा आहेत. अजून कुठं कुठं असं लिहिलंय?"

श्रीकांतरावांनी आठवायचा खरंच प्रयत्न केला. किती गावं, किती खड्डे, किती शेवटच्या बसा. एखादी ओळ तरी छातीवर हात ठेवून खरी म्हणता येईना.

"आठवत नाही गं."

ती वही तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. पिशवीची घडी करून तिनं आपल्या बॅगेत ठेवली आणि नुसती वही त्यांच्या मातीच्या हातांत दिली.

"ही तुमच्याकडेच असू द्या. बाकीच्या दहा उद्या आणून देते."