अडगळीच्या खोलीतला उन्हाळा

दादाला छंद लागायचे ते खोकला लागावा तसे. झोपमोड मात्र बाकीच्यांची व्हायची. आधी माशांची टाकी आली आणि मासे गेले. मग दुर्बीण आली. तिच्यातून त्याने एकदा चंद्र पाहिला आणि पुष्कळदा समोरच्या इमारतीतला टीव्ही. सध्या ऑर्किड होती. बाथरूमच्या फरश्या विकणारा हा माणूस पानांवर पाणी फवारताना त्यांना ‘माझी लेकरं’ म्हणायचा. धाकट्या बहिणीने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहिनीने तिच्याकडे बघून नुसतं नाक मुरडलं. सवयीचं मुरडणं होतं ते.

लेकरांना जागा मिळाली आईच्या खोलीत. कारण एवढंच की आई नाही म्हणत नसे. खोलीच्या एका भिंतीला तीन मजली लोखंडी मांडणी लागली, प्रत्येक मजल्यावर दिव्यांच्या पट्ट्या आल्या, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खोलीत जांभळट गुलाबी उजेड पडू लागला. त्या उजेडात आईचा चेहरा उकडलेल्या बिटासारखा दिसायचा आणि ताटातला भात कोणीतरी आधीच खाऊन परत ठेवल्यासारखा. खिडकी बंद, हीटर चालू. “जंगलातली रोपं आहेत ही, त्यांना ऊब लागते,” दादा सांगायचा. जंगल त्याने कॅलेंडरवर पाहिलं होतं.

आईची खाट खिडकीला लागून होती. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नव्हता, आणि खिडकीतून बसथांबा दिसायचा. कोण धावत आलं, कोणाची बस चुकली, रोज एकत्र उभी राहणारी दोघं आज एकमेकांकडे पाठ करून का उभी आहेत, हे सगळं तिला माहीत असायचं. ज्यांची नावंही ठाऊक नव्हती अशा माणसांची ती काळजी करायची.

पहिल्या हिवाळ्यात रोपांना नुसती पानं आली. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र पानांच्या बगलेतून हिरवे दांडे डोकावले, आणि दांड्यांवर कळ्या धरल्या. दादाने नेमके त्याच सुमारास दिवे बदलले होते. मग काय विचारता! दूधवाल्यापासून दुकानातल्या गिऱ्हाइकापर्यंत ज्याला कान होते त्याला त्याने प्रकाशाचे रंग समजावून सांगितले.

धाकटी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची आणि दर रविवारी आईला भेटायला यायची. त्या रविवारी ती चप्पल काढते न काढते तोच दादाने जाहीर केलं, “पुढच्या महिन्यात ऑर्किड मंडळाचे लोक येणार आहेत बघायला. आणखी एक मांडणी लावायचीय. आईला जिन्याजवळच्या खोलीत हलवतोय.”

“त्या अडगळीत? तिथे खिडकी नाही, दादा.”

“आईला खिडकी कशाला? रस्त्यावर काय सोनं सांडलंय? आणि उजेडाने झोप लागत नाही म्हणते ना? तिथे हवा तेवढा अंधार आहे.”

“माशांची टाकीपण आहे,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. “पाणी भरा तिच्यात. आई पोहतील.”

“तू गप्प बस गं.”

“गप्पच आहे. लेकरं दचकतील ना.”

दादाचा फोन वाजला आणि तो गॅलरीत जाऊन कोणाला तरी प्रकाश समजावू लागला. धाकटी आईच्या खोलीत गेली. आई खाटेवर बसून चादरीच्या घड्या घालत होती. एकच चादर, पुन्हा पुन्हा. धाकटी मांडणीसमोर उभी राहिली. दांडे आले होते ते फक्त खिडकीकडच्या टोकाच्या रोपांना, तिन्ही मजल्यांवर. दाराकडच्या टोकाला, हीटरजवळ, नुसती पानं. दिवे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखेच होते. ज्याला फरशीचा तुकडा अर्ध्या बोटाने वाकडा बसलेला लांबून दिसतो, त्याला हे दिसलं नव्हतं.

“आई, रात्री खिडकी उघडतेस?”

आईने दाराकडे पाहिलं. “कोणी सांगितलं तुला?”

“या झाडांनी.”

“या हिवाळ्यापासून, दिवे विझले की उघडते. हीटरही बंद करते. तो उठायच्या आत सगळं होतं तसं करून ठेवते.” मग आवाज आणखी उतरवून ती म्हणाली, “वाटलं होतं, थंडीने मरतील. मरायचं राहिलं बाजूला, मेली फुलायला लागली!”

धाकटीला इतकं हसू आलं की तिला खाटेवर बसावं लागलं. या रोपांना काही आठवडे रात्रीचा गारवा मिळाला की ती फुलायचं मनावर घेतात. रात्रंदिवस ऊब मिळाली तर पानांवर पानं काढत बसतात. कोणत्याही साध्या पुस्तकात हे सापडलं असतं. दादाकडे तशी चार पुस्तकं होती. मांडणीचा एक पाय लंगडा होता, त्याखाली त्यांतलं सर्वांत जाड होतं.

“मग सांग ना त्याला,” आईचे डोळे चमकले. “माझ्या खिडकीने फुललीत म्हणावं. मग नाही मला काढणार.”

धाकटीने आईच्या हातातली चादर घेऊन बाजूला ठेवली. भावाला ती लहानपणापासून ओळखत होती. त्याला सांगायची खोटी, तो म्हणणार, ‘एवढंच ना? मग खिडकी मीच उघडतो की!’ आई त्याच संध्याकाळी अडगळीत जाणार, आणि मंडळासमोर हा तापमानावर भाषण ठोकणार. खरं सांगून या माणसाचं भलं होईल, आईचं नाही.

चहा घेताना तिने कप खाली ठेवला आणि सहज म्हटल्यासारखं म्हटलं, “दादा, मंडळाचे लोक एक विचारतील हं. खोलीला खिडकी आहे.”

“मग?”

“मग काय, फुलं दिव्यांनी आली की खिडकीने, हे कोणी कसं ठरवायचं? खिडकीपाशी काय, कोणाच्याही मावशीकडे फुलतात.”

दादाचा बिस्किटाचा हात मध्येच थांबला. बिस्किटाचा ओला तुकडा कपात पडला.

“नुसत्या दिव्यांवर, जिथे सूर्याचा कवडसाही येत नाही अशा खोलीत फुलवली, तर बोलायची सोय नाही कोणाची,” धाकटी म्हणाली. यात एक शब्दही खोटा नव्हता.

“वारा लागायचाही प्रश्न नाही,” दादा स्वतःशीच म्हणाला. “ऊब कोंडून राहील.”

“अगदी कोंडून राहील.”

बुधवारी त्याने वहिनीला सांगितलं की त्याला एक कल्पना सुचली आहे. शनिवारी अडगळ भंगारवाल्याकडे गेली आणि मांडणी, दिवे, हीटर आणि सगळी लेकरं जिन्याजवळच्या खोलीत गेली. धरलेल्या कळ्या तिथे उमलल्या. त्या उमलणारच होत्या. मंडळाचे लोक दोघं दोघं करून त्या भट्टीत शिरले, घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, कमाल आहे. दादाने हार घालून घेण्यासाठी मान किंचित पुढे केली होती, पण हार कोणी आणला नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एकही दांडा आला नाही. पानं आली, चपलेच्या तळव्याएवढी, जाड, चकचकीत. दादाने दिवे बदलले, खत बदललं, हीटर वाढवला. शेवटी एका रविवारी बहिणीच्या ज्ञानाची त्याला आठवण झाली.

“तू शास्त्र शिकलीस ना? सांग की काहीतरी. काय कमी पडतंय त्यांना?”

धाकटीला वाटलं होतं, या प्रश्नाने आपल्याला थोडंतरी वाईट वाटेल. तिने क्षणभर वाट पाहिली. वाटलं नाही.

“पानं छान आहेत,” ती म्हणाली.

आत आई खिडकीशी बसली होती. पांढऱ्या, साध्या उजेडात तिचा चेहरा पुन्हा चेहऱ्यासारखा दिसत होता. थांब्यावरची ती दोघं परत बोलू लागली होती, ही बातमी ती सांगत होती, तेवढ्यात वहिनी एक कुंडी घेऊन आली.

“आई, तिथे दाटी झालीय. एवढी एक तुमच्या खिडकीत ठेवू? फुलली तर फुलली.”

“नको!” मायलेकी एकदमच ओरडल्या.

वहिनीने दोघींकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग हातातल्या कुंडीकडे. ती कुंडीसकट मागे वळली आणि दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अहो, यांना गारठा लागतोय बहुतेक. हीटर अजून वाढवा.”