बारीत तीन वर्षं राहिलेला माणूस

नागेश परुळेकर बारीत तीन वर्षं राहिलाय, ही गोष्ट खुद्द नागेशला कळली ती फेसबुकवरून.

दुबईत करामातल्या 'सागरतोरण टुरिझम'चे मालक धनंजय भोईटे यांनी जाहिरातच टाकली होती. 'दक्षिण इटलीतलं बारी शहर, एका दिवसात, पायी पायी. तिथं तीन वर्षं राहिलेला आपला मराठी गाईड, थेट तुमच्या कानात.' शेजारी नागेशचा फोटो, गळ्यात मफलर. मफलर धनंजयरावांचा. नागेश बिचारा विमानाची तिकिटं काढणारा माणूस. देवगड, मुंबई, दुबई आणि एकदा ओमानची हद्द, एवढाच त्याचा भूगोल.

"साहेब, मी तिकडं कधी गेलेलो नाही."

"कुणाला माहितेय?"

"मला."

"मग तू कुणाला बोलू नको. खलास."

आयडिया अशी होती की गाईड पाठवायचाच नाही. गाईड करामात एसीत बसणार, कॉम्प्युटरवर तिथल्या रस्त्यांचे फोटो बघणार आणि फोनवरून सांगणार, आता डावीकडे, आता उजवीकडे. गिऱ्हाईक म्हणजे दुबईत नोकऱ्या करणाऱ्या मुलांकडे राहायला आलेले आईवडील. क्रूझवर पाठवले की आठ दिवस घर शांत.

सगळं ठरल्यावर शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं की दुबईत व्हॉट्सॲपवरून कॉल लागतच नाही. इथं राहणाऱ्याला याची इतकी सवय झालेली असते की ते त्याच्या डोक्यातच येत नाही. आणि ग्रुपला दिलेलं सिम नुसतं नेटचं.

"मग व्हॉइस नोट टाक," धनंजयराव म्हणाले. "तेवढंच ना?"

मंगळवारी सकाळी सात म्हातारी माणसं बारीच्या बंदरावर उतरली. फोन रामेश्वर साठे यांच्या हातात. साठेकाका चौतीस वर्षं शाळेत, त्यातली बारा हेडमास्तर, त्यामुळे सांगितलं तसं करायचं आणि करवून घ्यायचं हा त्यांचा स्वभावच. जहाजावर परत यायची वेळ तिथल्या घड्याळात चार, म्हणजे दुबईचे सहा. चारनंतर जहाज कुणासाठी थांबत नाही, असं तिकिटावर लाल अक्षरात होतं.

सातांचेही पासपोर्ट जहाजावर, केबिनच्या तिजोरीत. पाकीटमार असतात, बरोबर नेऊ नका, असं नागेशनंच सांगितलेलं. अनोळखी माणसाबरोबर कुठं जायचं नाही, हेही त्यानंच. आपल्या अनुभवावरून.

सकाळ तशी निभावली. नागेश सांगत होता, समोर बघा, हा किल्ला. पण नोट तिकडं पोचून, काकांनी चष्मा लावून, सगळ्यांना गोळा करून ती वाजवेपर्यंत मंडळी पुढं सरकलेली. त्यामुळे एका चर्चसमोर उभं राहून सातही जणांनी तटबंदीचं कौतुक केलं. 'आतमध्ये बरेच पाद्री दिसतात,' काकांचा निरोप आला. 'किल्ला धर्मादाय झाला असावा.'

खरी गडबड दुपारी झाली. बारीचं जुनं गाव म्हणजे तीन बाजूंनी समुद्र आणि मधे गल्ल्यांचा गुंता. खुणेला काही सापडेना, तेव्हा नागेशला स्क्रीनवर एका गॅलरीत निळ्या चादरी वाळत घातलेल्या दिसल्या.

"काका, सरळ चला. निळ्या चादरी वाळत टाकल्यात ना, तिथून डावीकडे."

पाठवल्यावर त्यानं फोटोची तारीख वाचली. फोटो सात वर्षांपूर्वीचा होता. त्या चादरी एव्हाना फाटून पायपुसणी झालेल्या असणार.

दहा मिनिटांनी काकांची नोट आली. "नागेशराव, निळ्या चादरी मिळाल्या. पण डावीकडे रस्ता नाहीये, एका बाईंचं स्वयंपाकघर आहे. आत जाऊ का?"

नागेशनं घाईनं बोटं लावली, तेवढ्यात दुसरी नोट.

"गेलो."

त्यानंतर चाळीस मिनिटं काही नाही. नागेशनं नऊ नोट पाठवल्या. एकीचाही माइक निळा झाला नाही, म्हणजे एकही कुणी ऐकलेली नाही. एसी अठरावर होता तरी त्याची पाठ भिजली. परक्या बाईच्या घरात सात म्हातारी माणसं घुसलीत. तिनं पोलीस बोलावले तर पासपोर्ट विचारणार. मग?

मग एक फोटो आला. बुटक्या स्टुलावर ग्रुपमधल्या गिरिजामावशी बसल्या होत्या, पदर खोचून. समोर पिठानं माखलेला पाट, शेजारी ॲप्रन घातलेली एक जाडजूड इटालियन बाई. पाठोपाठ मावशींचा आवाज.

"नागेश, अरे ही नुन्झिया नखुल्या करतेय बघ. आपण लग्नाच्या खिरीला करतो ना, तश्शाच. पण केवढ्या जाड. मी म्हटलं सरक, मी दाखवते."

"मावशी, उठा. तीन वाजत आले."

"उठा कसं? हिच्या नातीचं शनिवारी लग्न आहे. फोटो दाखवला तिनं, पोरगी गोड आहे, नवरा जरा टकला. लग्नघरच्या परातीला हात लावला की परात रिकामी करूनच उठायचं. एवढं तुला आईनं शिकवलं नाही?"

"मावशी, जहाज सुटेल."

"माणसं दिसली की थांबेल. त्याला तरी कुठं ऑफिस गाठायचंय."

नागेशनं परातीचा फोटो मोठा करून बघितला. कणकेचा गोळा निदान दीड किलोचा होता. मावशी त्यातून गव्हाच्या दाण्याएवढे तुकडे काढत होत्या.

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडलं आणि साठेकाकांची मुलगी आत आली. अनुपमा. बँकेत कम्प्लायन्सला होती. लोक खोटं बोलतात का हे तपासणं, हीच तिची नोकरी.

"बाबा माझे मेसेज बघत नाहीयेत. म्हटलं इथंच येऊन बसते," ती म्हणाली. "त्यांचं इन्सुलिन जहाजावर आहे. साडेचारला घ्यायचं असतं, तिथल्या. पोचतील ना?"

"इन्शाल्ला," धनंजयराव म्हणाले. "मॅडम, आपला नागेश आहे ना. बारीची गल्ली न् गल्ली पाठ आहे याला."

"म्हणून तर पाठवलं. नाहीतर मी त्यांना एकटं मॉलमध्येपण सोडत नाही." ती नागेशसमोर खुर्ची ओढून बसली. "कुठल्या भागात राहायचात तुम्ही?"

"समुद्राजवळ," नागेश म्हणाला. तीन बाजूंना समुद्र असलेल्या गावात हे उत्तर त्यातल्या त्यात सेफ होतं.

तिथल्या तीन वाजून दहा मिनिटांनी परात रिकामी झाली. मंडळी निघाली. नागेशनं नकाशा, फोटो, सगळं एकत्र लावून धडाधड सहा नोट पाठवल्या. डावीकडे, मग कमान, मग उजवीकडे, असं. काकांनी त्या एकाच जागी उभं राहून सलग ऐकल्या, पाठ केल्या आणि हेडमास्तरच ते, त्याप्रमाणे काटेकोर चालले. फक्त सुरुवात दोन गल्ल्या पुढून केली.

तीन पंचविसाला फोटो आला. समुद्र. नुसता समुद्र. दगडी कठडा, दोन कोळी, एक गळ टाकून बसलेला माणूस.

"पोचलो," काकांचा आवाज. त्यांना धाप लागली होती. "पण इथं जहाज नाही. सुटलं का हो?"

अनुपमा उठून स्क्रीनशी आली. "हे बंदर आहे?"

समुद्र बरोबर होता, बाजू चुकली होती. बंदर गावाच्या पश्चिमेला. हे कुठं उभे आहेत? पूर्वेला? उत्तरेला? समुद्राच्या फोटोवरून समुद्र कुठला हे कसं सांगायचं?

पुढची नोट आली. मागं कुणीतरी बाई जोरजोरात बोलत होती.

"नागेशराव, त्या नुन्झियाबाई आमच्या मागं पळत आल्यात. ॲप्रनसकट. जहाजाचं चित्र काढून दाखवलं त्यांना, तर आता माझी बाही धरून उलट्या दिशेला ओढतायत. गिरिजाबाई म्हणतात जाऊया. पण अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही, अशी तुमची स्पष्ट सूचना आहे. मी त्यांना सांगितलं, बाई, आमचा माणूस या गावात तीन वर्षं राहिलाय, तो म्हणेल तेच. आम्ही इथं थांबलोय. तुम्ही सांगाल तिकडंच जाणार."

वरच्या पार्लरमधला हेअर ड्रायर तेवढा घुमत होता.

"सांगा ना मग," अनुपमा म्हणाली. "रस्ता सांगा त्यांना."

धनंजयरावांनी नागेशकडे बघितलं. ती नजर त्याला कळली. नोकरी गेली की व्हिसा गेला. बायकोचाही व्हिसा त्यावरच. आणि एक रस्ता, कुठलाही, छातीठोकपणे सांगायला पैसे पडत नाहीत. बरोबर निघाला तर निघाला.

आणि चुकला तर? सात माणसं, कागद नाहीत, औषध नाही, भाषा नाही. आणि त्यांना बंदरावर सुखरूप नेणारी बाई शेजारीच उभी. तिच्यापेक्षा काकांचा जास्त भरवसा ज्याच्यावर, तो माणूस जगात नव्हताच.

त्यानं माइकवर अंगठा दाबला.

"एक मिनिट, नेट स्लो आहे," धनंजयराव पुढं झाले. "नागेश, मी बोलतो."

नागेश फोन घेऊन भिंतीकडे वळला.

"काका, मी नागेश. मी बारीला कधी आलेलो नाही. इटलीलाच आलेलो नाही. करामात बसून जुने फोटो बघून सांगतोय. त्या बाई म्हणतात तिकडं जा. लगेच. माझं काही ऐकू नका."

पाठवलं. मागं वळून बघायची हिंमत होईना.

पण या नोटच्या आधी त्याच्या चार नोट पडून होत्या, समुद्राचा फोटो आल्या आल्या घाबरून पाठवलेल्या. कठड्याच्या कडेनं जा, मागं वळा, पुन्हा पुढं. काका नोट क्रमानंच ऐकणार. त्यानं त्या पटापट डिलीट केल्या.

तिकडून लगेच आवाज. "आपण चार निरोप काढून टाकलेत. त्यात काय होतं? महत्त्वाचं असणार. ते कळेपर्यंत आम्ही जागचे हलत नाही."

"बाबा, पुढची ऐका," अनुपमा फोनकडे बघून म्हणाली. तसं बोलून तिकडं ऐकू जात नाही, हेही ती विसरली होती.

तीन एकतीस. माइक राखाडी. तीन तेहतीस. राखाडी. नागेशला वाटलं, काका आता चार डिलीट निरोपांवर सभा घेणार.

तीन पस्तिसाला माइक निळा झाला.

तिकडून काहीच आलं नाही. शिवी नाही, प्रश्न नाही. अनुपमा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पर्समधून पेन काढलं, टेबलावरचा एक कागद ओढला.

"तुमचं पूर्ण नाव?"

"नागेश शांताराम परुळेकर."

"स्पेलिंग?"

त्यानं स्पेलिंग सांगितलं. तिनं लिहिलं. खाली तारीख टाकली. धनंजयराव गाडीचं पार्किंग संपल्याचं पुटपुटत खाली गेले, ते गेलेच.

पावणेचार. तीन पन्नास. दोघंही फोनकडे बघत होते. पायी किती लागेल, नागेशला आता खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत आहे असं दाखवायचीही सोय उरली नव्हती. काका कठड्यावर बसले असतील? चक्कर आली असेल? नुन्झिया चिडून घरी गेली असेल?

तीन सत्तावनला फोटो आला. हललेला, तिरपा. मागं पांढरीशुभ्र भिंत; भिंत नव्हे, जहाज. पुढं माणसं. अनुपमानं बोट ठेवून मोजली.

"सात."

नागेशनं परत मोजली. एकीनं ॲप्रन घातला होता.

"मॅडम, ती नुन्झिया आहे. सहाच आहेत."

"बाबा कुठायत?" तिचा आवाज फाटला. "यात बाबा नाहीयेत."

नागेशनं फोटो मोठा केला, लहान केला. टोप्या बघितल्या, चपला बघितल्या. काका नव्हते. कठड्यावरच राहिले. निरोप कळेपर्यंत हलणार नाही म्हणाले होते.

मग त्याच्या लक्षात आलं. "मॅडम, फोन त्यांच्याकडे आहे. फोटो तेच काढतायत."

ती मटकन खुर्चीत बसली.

पाच मिनिटांनी काका बोलले. "चढलो. सातही. फाटक लावत होते, पण नुन्झियाबाईंनी त्या शिपायाला असं काही झापलं की त्यानं मलाच सॅल्यूट केला. अनूला कळवा, इन्सुलिन घेतोय, काळजी करू नको म्हणावं." मग घसा खाकरण्याचा आवाज. "नागेश." राव गेलं होतं. "चौतीस वर्षांत मी पुष्कळ खोटारडी पोरं बघितली. आपणहून उठून सांगणारी दोन-तीनच. म्हणून शिक्षा माफ होत नाही. उद्या आम्ही कोर्फूला आहोत. सकाळी आठला उतरणार, तुमच्याकडे नऊ. तू फोनवर बसायचं. रस्ते आम्ही विचारत जाऊ. तू फक्त आम्ही सांगतो ते ऐकायचं. दिवसभर. संध्याकाळी मी प्रश्न विचारेन."

मागून मावशी ओरडल्या, "आणि त्याला म्हणावं, आधी जेव."

अनुपमानं डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि ती पर्समध्ये ठेवली. फाडली नाही.

"त्याचं काय करणार, मॅडम?" नागेशनं विचारलं.

"अजून ठरवलं नाही." ती दारापाशी थांबली. "उद्या नऊला मी पण येतेय. वही घेऊन बसा. बाबा स्पेलिंगचे मार्क कापतात."