खुर्च्या काढलेलं विमान

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कराडच्या धावपट्टीवर एक विमान उभं होतं आणि केरबा कांबळे त्याच्या पोटातून खुर्च्या काढत होता. सहा वर्षं ज्या खुर्च्यांवर त्यानं माणसं बसवली, पट्टे बांधून दिले, गोळ्या-बडीशेप वाटली, त्यांचेच बोल्ट आता पाना घेऊन सोडवायचे होते. कंपनी लहान, विमान एकच, तेही दोन पंख्यांचं आणि म्हातारं. मुंबईला जायला माणसं मिळेनात, तेव्हा कंपनीनं ठरवलं, माणसं नकोत, माल न्यायचा. खुर्च्या काढायच्या, खिडक्या पत्र्यानं बुजवायच्या, दार रुंद करायचं, तळाला आडवे दांडे देऊन जाड फळ्या मारायच्या, पोती बांधायला कड्या बसवायच्या. म्हणजे झाला विमानाचा ट्रक.

मॅनेजर त्याला म्हणाले होते, "केरबा, माणसं नाहीत म्हटल्यावर ट्रे नाही. माल चढवायला-उतरवायला राहतोस का? पगार तोच. नाहीतर घरी जा. शनिवारी सांग."

पगाराचं केरबाला काही नव्हतं. त्याचं दुखणं वेगळंच होतं. शिराळ्याकडच्या त्याच्या गावात छप्पन साली घर बौद्ध झालं, तरी दुसऱ्याच्या दारात पाणी त्याला वरून ओतूनच मिळायचं. त्याच्या हातचं कुणी घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. विमानात मात्र तो ट्रे घेऊन आला की भलेभले हात पुढं करायचे. एकदा खुद्द गावचे इनामदार मुंबईला निघाले, त्याच्या हातचा चहा प्याले आणि वर आणखी अर्धा कप मागितला. मनुबाईनं, केरबाच्या आईनं, ही बातमी वस्तीत घरोघर जाऊन सांगितली. लेकाच्या नोकरीपेक्षा तिला तो अर्धा कप मोठा वाटायचा. आणि खरं सांगायचं तर केरबालाही.

कामावर मलकापूरचे चार गडी होते आणि त्यांच्यावर आकाराम मिस्त्री. आकाराम फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेला. हाताचा चांगला, मनाचाही वाईट नव्हे. त्यांची घागर बाहेर बाभळीखाली असायची. पहिल्या सकाळी केरबाला तहान लागली तेव्हा गड्यांतल्या कोंडीबानं तांब्या उंच धरला, केरबानं ओंजळ धरली. असल्या गोष्टी बोलून थोड्याच करतात?

दुपारी ऊन मी म्हणायला लागलं, तसे गडी सावलीला विमानात आले आणि उरलेल्या खुर्च्यांवर ऐसपैस टेकले. केरबाचे पाय सवयीनं मागच्या कपाटाकडं वळले. तिथल्या टाकीतलं पाणी ग्लासांत भरून, ट्रे घेऊन तो आकारामपुढं वाकला, तेव्हा कुठं त्याला कळलं आपण काय करून बसलो ते.

आकारामनं पट्टा बांधला, पाय लांब केले आणि ग्लास उचलला. "बघतोस काय रं कोंडीबा? घे की! मुंबईला निघालोय आपुन!"

सगळे हसले, सगळे प्याले. कोंडीबानं डोक्यावरचं घंटीचं बटण दाबलं. ते वाजेना, म्हणून तोंडानंच 'टिंग' करून दुसरा ग्लास मागितला.

मग रोज दुपारी हाच खेळ. खुर्च्या कमी होत गेल्या, एकेका खुर्चीवर दोघं दोघं बसू लागले, पण ट्रे फिरत राहिला. बोल्ट सोडवून केरबाचे खांदे भरून यायचे, रात्री कूस बदलता यायची नाही. तरी सकाळी तो पाना उचलायचा तो दुपारच्या त्या घटकेसाठी. हमाल तर हमाल, राहायचं, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं. हे विमान आहे तोवर आपलं काही जात नाही.

शनिवारी शेवटची खुर्ची निघाली, कपाटही निघालं. दुपारी गडी आत आले आणि नुसत्या फळ्यांवर बसले. खिडक्या बुजलेल्या, आत गोदामासारखा अंधार. केरबानं टाकीतलं शेवटचं पाणी आधीच काढून ठेवलं होतं. ट्रे घेऊन तो आकारामपुढं वाकला.

आकारामनं हात पुढं केला नाही. कोंडीबा उठून बाहेर घागरीकडं निघाला, बाकीचे त्याच्यामागं.

"तात्या, पानी," केरबा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे गड्या. बाहीर हाय की घागर."

"आवं, काल प्यालासा की."

"प्यालो."

"मग आज काय झालं? त्योच मी, त्योच गलास."

आकाराम उठला. त्याला लाज वाटली असावी, कारण त्याचा आवाज खाली आला. "राग मानू नगंस, केरबा. काल आमी पाशिंजर हुतो रं."

आणि तो दारातून खाली उतरला.

केरबा ट्रे धरून उभाच राहिला. राग यायला हवा होता, तो आला नाही. सहा वर्षांचा थकवा तेवढा एकदम अंगावर आला. लोक आपल्या हातचं पाणी पितात असं तो समजत होता, आणि ते तिकिटाचं पाणी पीत होते. इनामदारांचा अर्धा कपही तिकिटातलाच. आता आईला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, ते त्याला सुचेना. तो फळीवर बसला आणि एकेक ग्लास स्वतःच पीत राहिला. पाणी कोमट होतं.

संध्याकाळी मॅनेजर आले. विमानात डोकावून, फळ्यांवर बूट आपटून, खूश झाले.

"मग, केरबा? तुला माणसांची सवय. पोत्यांत जीव रमेल का तुझा?"

"रमंल साहेब," केरबा म्हणाला. "पोत्यांना तहान लागत न्हाई."