जायला दीड तास, यायला साडेतीन

माझी अम्मा बोटीवर कधी घाबरली नाही, पण विमान म्हटलं की कानांवर हात ठेवायची. मकासरहून जकार्ताला बोटीने दोन दिवस लागतात, आणि तिकडे माझ्या बहिणीचे, तेन्रीचे, दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. ती फोनवर रडायची, अम्मा इकडे रडायची, आणि मी विमानाचं नाव काढलं की रडं थांबवून माझ्यावर डाफरायची.

शेवटी मी तिकीटच तिच्यापुढे धरलं. "हे बघ, दहाला निघायचं, अकरा पंचवीसला जकार्ता. तुझा कोतोचा रस्सासुद्धा तेवढ्यात शिजत नाही."

छापलेलं सगळं खरं होतं. जकार्ताचं घड्याळ आमच्यापेक्षा एक तास मागे असतं, एवढंच मी गिळून टाकलं.

अम्मा कठीण वेळी कुराणातली यासीन म्हणते. तिने बोटांवर हिशेब केला. "यासीन म्हणायला मला पाव तास लागतो. सहा वेळा म्हणेन. त्याच्यावर एक मिनिट नाही हं, बासो!"

विमानात डोळे मिटून, माझं मनगट घट्ट धरून तिने सहा वेळा यासीन म्हटली. मग डोळे उघडले. खाली नुसता समुद्र, आणि तिच्या घड्याळात साडेअकरा.

"बासो, ड्रायव्हर वाट चुकला रे!"

आजूबाजूचे हसले. मी तिच्याकडे वळलो. "अम्मा, रमजानात टीव्हीवर जकार्ताची सूर्यास्ताची, मगरिबची अझान होते, तेव्हा आपण काय करत असतो?"

"रोजा सोडून, जेवून भांडी घासत असतो." आणि मग तिच्या ध्यानात आलं. "म्हणजे तिकडे आत्ता साडेदहाच? अजून तासभर?"

"तासभरच."

"मेल्या!" एवढंच म्हणून तिने परत डोळे मिटले. मनगट मात्र सोडलं नाही. उतरलो तेव्हा त्यावर तिची नखं उमटली होती.

तिसऱ्या दिवशी तेन्रीला मुलगी झाली. अम्मा तिच्या उशाशी होती. दाराबाहेरून मला अम्माचं हसू ऐकू आलं आणि मी माझं खोटं स्वतःच माफ करून टाकलं.

आठवड्याने परत निघायचं होतं. तेन्रीने तिकीट वाचलं. "दहाला निघून एक पंचवीसला मकासर."

बाळाला मांडीवर थोपटणाऱ्या अम्माने मान वर केली. "दहा ते एक पंचवीस? साडेतीन तास?"

"नाही गं अम्मा," मी म्हणालो, "तो आपल्या घड्याळाचा..."

"येताना तिकिटावर लिहिलेलं खरं होतं ना? मग आताही खरंच. इतका लांबचा प्रवास या वयात मला नाही झेपायचा. बाळ चाळीस दिवसांचं होऊ दे, मग बघू."

तेन्री उशीत तोंड खुपसून हसत होती. शेरास सव्वाशेर, आणि सव्वाशेर माझी आईच.

एकटाच परतलो. शेजारची खुर्ची रिकामी, मनगट मोकळं. आणि खोटं नाही सांगत, तिकिटावर होते तेवढेच लागले मला, पुरते साडेतीन तास.