टिपणातलं एक वाक्य

मस्कतमध्ये, मदिनत सुलतान काबूसला विद्याताईंच्या घरी दर शुक्रवारी सकाळी आम्ही सातजण तासभर गप्प बसतो. विद्याताई होशंगाबादच्या, जन्माने क्वेकर, म्हणजे मौनात प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्यात पुरोहित नाही, आरती नाही. आतून काही आलं तरच बोलायचं. माझा रोज बारापर्यंत मौनाचा नेम, म्हणून मला ते मानवलं.

मागच्या वादळानंतर आम्ही अल खौदच्या वादीतला, म्हणजे कोरड्या नदीपात्रातला, कचरा उपसला, तिथे गाफच्या झाडांची रोपं लावली. निम्मी उन्हाने गेली. मग हवामान परिषदेसाठी एक टिपण करायचं ठरलं. ते जिनिव्यातल्या क्वेकरांकडे जाणार, आणि ते वाटाघाटी करणाऱ्यांच्या हाती देणार. विद्यापीठात शिकवणाऱ्या रुचिरने मसुदा केला. त्यावर चार महिने गेले, कारण या लोकांत मतदान नसतं. सगळ्यांचं मन एक होईस्तोवर थांबायचं.

त्या शुक्रवारी विद्याताईंनी शेवटी घातलेलं नवं वाक्य वाचलं, "येत्या वर्षभरात आमच्यापैकी कोणीही विमानाने प्रवास करणार नाही." मग चष्म्यावरून पाहिलं. "कुणाला अडचण असेल तर आत्ताच बोला."

अकरा वीस झाले होते. माझ्या लेकीला, देविकाला सातवा महिना, ती पुण्यात, आणि माझं तिकीट काढलेलं. बावीस वर्षांत नेम मोडला नव्हता. मी मान खाली घातली. ती संमती समजून त्यांनी लिहून घेतलं.

बारा वाजले तेव्हा सगळे चहा घेत होते. मी विद्याताईंना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं.

"अगं, मग चिठ्ठी लिहून द्यायचीस ना!"

"सुचलं नाही हो."

खरं तर सुचलं होतं. सगळ्यांदेखत नको वाटलं.

विद्याताईंनी सगळ्यांना पुन्हा बसवलं. मी सांगितलं.

"काकू, चार महिने!" रुचिर म्हणाला. "आत्ता कुठे खलास म्हणत होतो."

"मुलीचं पहिलं बाळंतपण आहे रे."

त्याने डोळे चोळले. "मग 'शक्यतो' घालू. 'शक्यतो विमानाने जाणार नाही.'"

'शक्यतो' घातलं की त्या वाक्यात काही उरत नव्हतं, हे सगळ्यांच्या दमलेल्या चेहऱ्यांवर दिसत होतं. अडवायचं नाही पण सामीलही व्हायचं नाही, अशा माणसाची वेगळी नोंद करायची सोय त्यांच्यात आहे. मला ती ठाऊक होती.

"वाक्य आहे तसंच राहू दे," मी म्हटलं. "मी बाजूला राहते. श्यामला म्हणून नाव घाला."

विद्याताईंनी लिहिलं. "कारण घालते हं. बाळंतपण म्हटल्यावर कोण नावं ठेवणार?"

"नको. कारण घातलं की ते पुन्हा 'शक्यतो'च झालं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रुचिर कप गोळा करायला उठला.

बाहेर माझे यजमान अर्धा तास गाडीचा एसी चालू ठेवून थांबले होते. "आज एवढा उशीर?" त्यांनी विचारलं. मी आत बसले आणि दार ओढून घेतलं.