दोन मशिनी, एकच हँडल

आमच्या मुरुम गावात कुणालाही बॅटरीवरची ड्रिल मशीन घ्यायची असली की तो आधी माझ्याकडे येतो. मोबाईलवर दोन फोटो दाखवतो, एक स्वस्तातल्या मशिनीचा, एक नावाजलेल्या कंपनीच्या मशिनीचा, आणि विचारतो, "धोंडप्पा, एवढा फरक कशाचा रं? नावाचाच ना?" मी वैतागतो. वीस वर्षं लोकांच्या भिंतींना भोकं पाडतोय म्हणून मी काही मशिनींचा ज्योतिषी झालो नाही. तरी सांगतो. विटेची भिंत असेल, पडद्याचा रॉड लावायचा असेल, पाय जमिनीवर असतील, तर स्वस्तातली घे, खुशाल घे. शिडीवर चढणार असशील तर पोटाला चिमटा काढ आणि भारीतली घे. "का?" असं कुणी विचारलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. कारण सांगायचं तर विरुपाक्षाचं सांगावं लागतं.

विरुपाक्ष माझा शाळेपासूनचा दोस्त आणि नंतरचा भागीदार. कॅमेरे, पाण्याचे फिल्टर, सोलरचे दिवे, जे जे भिंतीला अडकवता येतं ते आम्ही दोघं अडकवायचो. मुरुमपासून पार जळकोटपर्यंत. वायरच्या मशिनीनं जीव नकोसा व्हायचा. लाईट गेली की काम बंद, आणि असली तर शिडीवर एक्स्टेंशन बोर्ड ओढत न्या. म्हणून बॅटरीची मशीन घ्यायला आम्ही सोलापूरला गेलो. दुकानदारानं भारीतली काढली. लाकडाच्या ओंडक्यात बिट, म्हणजे मशिनीचं भोक पाडायचं टोक, मुद्दाम तिरका घालून अडकवला. मशीन हातात जराशी वळली आणि आपोआप थांबली.

"बिट अडकला की ही हाताला झटका देत नाही, स्वतःच थांबते," दुकानदार म्हणाला.

विरुपाक्षाला ती फारच आवडली. तो ती पुन्हा पुन्हा हातात घेऊन बघत होता. मी म्हणालो, "थांबायला मशीन घ्यायची का चालायला?"

शेजारच्या फळीवर स्वस्तातली जोडी होती. भारीतल्या एकीच्या निम्म्या पैशात दोन मशिनी, दोन बॅटऱ्या, एक चार्जर. विरुपाक्ष हसला. तो हसला म्हणजे माझं ऐकणार, हे मला ठाऊक होतं. आयुष्यभर त्यानं माझं ऐकलं.

घरी येऊन पेट्या उघडल्या तेव्हा कळलं की दोन मशिनींना मिळून बाजूचं हँडल एकच आहे. हे हँडल मशिनीच्या गळ्याशी आडवं बसतं, डाव्या हातानं धरायला. ते असलं की मशीन दोन्ही हातांत पक्की राहते. एका पेटीत हँडल होतं, दुसऱ्या पेटीत त्याच्या आकाराचा नुसता खळगा. दुसरं हँडल उद्या मागवू, परवा मागवू असं करता करता राहून गेलं. आम्ही एक नियम मात्र केला, शिडीवर जो जाईल त्याचं हँडल. नऊ महिने तो नियम आम्ही पाळला.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुरीचा हंगाम जोरात असताना एका दालमिलच्या बाहेरच्या भिंतीला कॅमेरा लावायचा होता. विरुपाक्ष शिडीवर, मी खाली दारापाशी वायरची पट्टी बसवत होतो. आदल्या दिवशी वरचं काम मी केलं होतं, त्यामुळे हँडल माझ्याच मशिनीला राहिलं होतं. वरून त्यानं हाक मारली, "धोंडू, हँडल दे की."

हँडल सोडवायला अर्धं मिनिटही लागत नाही. पण ऊन डोक्यावर आलं होतं, माझं मनगट दुखत होतं आणि चार पायऱ्या चढून ते नेऊन द्यायचा मला कंटाळा आला. मी मानसुद्धा वर केली नाही. म्हणालो, "दोनच होल हायत, मार तसंच."

त्यानं नेहमीसारखं ऐकलं. पहिलं होल झालं. दुसऱ्याला सिमेंटच्या बीममधली सळई लागली. मशिनीचा आवाज बदललेला मी ऐकला. बिट सळईत अडकला, मशीन गर्रकन फिरली आणि तिला एका हातानं धरून उभ्या असलेल्या माणसाला तिनं बाजूला फेकून दिलं.

मिलमधले हमाल धावत आले. "काय झालं? काय झालं?" सगळे मला विचारत होते. मी म्हणालो, "पाय घसरला." हे शब्द माझ्या तोंडात कसे आले ते मला आजही कळत नाही. विरुपाक्ष शुद्धीवर होता. त्याला टेम्पोत घातलं, मलाही चढ म्हणाले. मी म्हणालो, "सामान गोळा करून आलोच मागनं." कारण माझं वर लक्ष गेलं होतं. मशीन भिंतीतच होती. बिट सळईत रुतलेला आणि मशीन त्याला लटकलेली, हँडलाविना. ती कुणी बघितली असती तर पाय घसरला नाही हे लगेच कळलं असतं. टेम्पो गेल्यावर मी शिडी चढलो, मशीन उलटी फिरवून बिट सोडवला आणि खाली आणून ठेवली. उमरग्याच्या दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. टेम्पोवाला मला म्हणाला, "सारखं इचारत हुता वो तुमाला. धोंडू कुटं हाय, धोंडू कुटं हाय." धोंडू तेव्हा शिडीवर होता.

महिन्याभरात मी सोलापूरला जाऊन भारीतली मशीन आणली. तिच्या पेटीत हँडल होतंच. पण तेव्हापासून मी जिथं शिडी लावतो तिथं वरून हाक येते. भर दुपारी, चारचौघांत, लोक बोलत असताना. तेर गावात एका घराच्या व्हरांड्यात दिवा लावत होतो, मी स्वतः शिडीच्या शेवटच्या पायरीवर, माझ्या वर नुसतं आभाळ. तरी हाक वरूनच आली, "धोंडू, हँडल दे की." ही भारीतली मशीन कुठं अडकली की थांबते, ठरल्याप्रमाणे. थांबताना मनगटाला हलकासा हिसका बसतो. तो हिसका मला माणसाच्या हाताचा वाटतो. कुणीतरी माझं मनगट धरून मला पडू देत नाही, आणि मला त्याची लाज वाटते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भूत असतं तर त्यानं एकदा तरी आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या. विरुपाक्ष फक्त हँडल मागतो.

या मे महिन्यात एका सकाळी जगदेवी माझ्या दारात आली. जगदेवी म्हणजे विरुपाक्षाची बायको. तिच्या हातात त्याच्या मशिनीची पेटी होती. पेटी मीच तिच्या घरी नेऊन दिली होती आणि ती कुठंतरी माळ्यावर धूळ खात असेल अशी माझी समजूत होती.

"अण्णा, जरा ही मशीन बगा की," ती म्हणाली. "म्या काम धरलंय. पडद्याचं रॉड, नळ, फिल्टर. घरी एकटीच बाई असली की तिला गडीमाणूस नगं वाटतो. मला बोलावत्यात. पाच-सहा घरं झाली बी."

"चांगलं केलंत, वैनी."

"आता बँकेतल्या बाईंनी कॅमेरं लावायला सांगितल्यात. दुसऱ्या मजल्याला, भाईरनं. शिडी हाय की ह्यांची." तिनं पेटी उघडली. "तवा म्हणलं तुमालाच इचारावं. हीच पुरंल का भारीतली घिऊ? आन हितं काय असतंय? ही जागा मोकळीच हाय."

तिचं बोट त्या खळग्यात होतं.

 मी आत गेलो आणि माझी भारीतली मशीन पेटीसकट आणून तिच्यापुढं ठेवली. "ही घिऊन जावा. कायमची. ती स्वस्तातली वापरूच नगा."

"फुकट कशापायी घिऊ?" तिनं माझी पेटी मागं सरकवली. "मला उपकार नगं, अण्णा. त्या मशिनीत काय खोट हाय ते सांगा, मंग ठरवू."

"साधी हाय ती."

"असंना. त्यांनी नऊ म्हैने हिच्यावरच काम केलं की. एक दिस दगा दिला न्हाय हिनं. त्यांचा पाय घसरला, त्यात मशिनीचा काय दोष?"

 मीच सांगितलेलं खोटं ती मला पुरावा म्हणून ऐकवत होती. माझ्या त्या दोन शब्दांनी मशीन निर्दोष सुटली होती आणि आता ती हिला दुसऱ्या मजल्यावर घेऊन जाणार होती.

"मी येतो तुमच्यासंगं कामाला," मी म्हणालो. "वरचं मी करतो."

"आन उद्याच्या कामाला? परवाच्या?" ती पेटी बंद करू लागली. "ऱ्हाऊ द्या. जाते म्या. बाई वाट बगत असतील."

त्या वेळी माझ्या ओसरीत शिडी नव्हती. डोक्यावर नुसता पत्रा होता. तरी वरून हाक आली आणि मी वर बघितलं. जगदेवीनंही वर बघितलं, मला काय दिसलं म्हणून. तिला काहीच दिसलं नाही.

"थांबा, वैनी," मी म्हणालो.

जुन्या मशिनीची माझी पेटी मी कॉटखालून ओढून काढली. त्यातलं हँडल घेतलं आणि तिच्या पेटीतल्या खळग्यात ठेवलं. बरोबर बसलं. मग मी सगळं सांगितलं. सोलापूरच्या दुकानापासून टेम्पोपर्यंत, हाक कशी आली, मी काय उत्तर दिलं, मशीन भिंतीत कशी लटकली होती आणि ती मी का काढली. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. ती शिव्या देईल, चार लोक गोळा करेल, असं वाटत होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी पाय घसरला न्हवता?"

"न्हाय."

"पुना सांगा."

"पाय घसरला न्हवता, वैनी. मशिनीनं फेकलं."

ती खाली बसली. हँडलावरून तिनं एकदा बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्या दिशी नवी चप्पल म्याच घालायला लावली हुती. ते नगं म्हणत हुते. म्या म्हणलं, फाटकी चप्पल घालून मिलमालकाच्या दारात जाऊ नगा. मिलमधल्या कुणीतरी सासूबाईस्नी येऊन सांगितलं, नवी चप्पल शिडीवरनं घसरली म्हणून. तवापासनं त्या माझ्यासंगं बोलत न्हाईत. माझ्या हातचं खात न्हाईत, आपलं आपण करून खात्यात. आन म्या बी रोज म्हणायचे, त्यांचं बरुबर हाय. म्याच मारलं त्यास्नी."

चपलेचं ते बोलणं मला आठवलं. मिलच्या अंगणात एक हमाल विरुपाक्षाची चप्पल उचलून म्हणाला होता, नवी हाय, म्हणून घसरली. मी मान हलवली होती. बरं झालं, आणखी एक कारण सापडलं, असं तेव्हा मला वाटलं होतं. सव्वा वर्ष मी समजत होतो की हे प्रकरण माझ्यात आणि विरुपाक्षात आहे. तेवढे दिवस ही बाई एका घरात बसून माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेत होती. मी तिच्या पाया पडायला वाकलो आणि मला रडू फुटलं.

"रडू नगा," ती म्हणाली. "उठा. चला माझ्यासंगं. सासूबाईस्नी सांगा."

तिचं घर तीन गल्ल्या पलीकडे. पेटी घेऊन ती पुढं, मी मागं. विरुपाक्षाची आई, बानूबाई, दारातल्या कट्ट्यावर ज्वारी निवडत बसली होती. मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि हळू आवाजात म्हणालो, "अव्वा, विरुपाक्षाचा पाय घसरला न्हवता."

"काय म्हणतूस?"

"मोठ्यानं सांगा, अण्णा," जगदेवी दारात उभी राहून म्हणाली. "त्यास्नी ऐकू कमी येतंय."

मी आवाज वाढवला. बानूबाईनं कानामागं हात धरला आणि मान हलवली, कळलं नाही म्हणून. समोरच्या घरातली बाई दारात आली. किराणा दुकानातले दोघं बाहेर येऊन उभे राहिले. मी उभा राहिलो आणि ओरडलो, "चपलेनं न्हाय घसरला तो! त्यानं हँडल मागितलं, म्या दिलं न्हाय! मशिनीनं फेकलं त्याला! म्या खोटं सांगितलं सगळ्यास्नी!"

 बानूबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे बघत असतानाच तिचा चेहरा बदलत गेला आणि मग तिनं माझ्यावरची नजर काढून घेतली.  तिनं मान वळवून दारात उभ्या असलेल्या सुनेकडे बघितलं. मग सूप बाजूला ठेवून कट्ट्यावर आपल्याशेजारी हातानं जागा झाडली.

"ये," ती म्हणाली. "जेवलीस का गं सकाळधरनं?"

जगदेवीनं पेटी उंबऱ्यावर ठेवली आणि ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडू लागली. विरुपाक्ष गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी गल्लीत उभाच होतो. मला कुणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.